छातीइतक्या उंचीचं टेबल

दाजी,

तुमच्यावर रागावून लिहायला बसलोय, हे आधीच सांगून टाकतो. तेरावं होऊन आठ दिवस झाले. गेलेल्या माणसाचं एवढ्यात चांगलंच आठवावं, असं घरातले म्हणतात. मी प्रयत्न करतो. पण तुमचं काहीही आठवायला लागलो की मध्ये ते टेबल येतं. माझं पांढरं, चकचकीत, तीस इंच उंचीचं टेबल, आणि त्याच्यासमोर कमरेवर हात ठेवून, मान तिरकी करून उभे असलेले तुम्ही.

तुम्ही मला कारण सांगायला हवं होतं. एका वाक्यात सांगून होण्यासारखं कारण होतं ते. तुमच्या हातांना ते ठाऊक होतं आणि तोंडानं तुम्ही सांगितलं नाही. मीही विचारलं ते अशा सुरात विचारलं, की कुणालाही सांगावंसं वाटू नये.

पहिल्यापासून लिहितो. यातलं काही तुम्हालाही माहीत नाही.

आक्काचं तुमच्याशी लग्न झालं तेव्हा मी जुन्नरला कॉलेजात होतो. दुपारची एसटी चुकली की पेठेत तुमच्या दुकानी यायचो. दुकान म्हणजे जिन्याखालची जागा. एक टेबल, एक खुर्ची, एक स्टूल, आणि भिंतीवर वेगवेगळी वेळ दाखवणारी सात-आठ घड्याळं. मी स्टुलावर बसायचो. तुम्ही तासन्‌तास बोलायचा नाहीत. डोळ्याला भिंग आणि नाक जवळजवळ टेबलाला टेकलेलं. एकदा काय वाटलं कोण जाणे, भिंग काढून माझ्या डोळ्याला लावलंत.

"बगा. पन श्वास सोडू नका त्याच्याव."

आत एक बारकं, पितळी चाक मागेपुढे होत होतं. त्याच्या मधली केसासारखी कमान फुलत होती, मिटत होती. चिमणीच्या पिल्लाची छाती उडते तशी. मी किती वेळ बघत बसलो माहीत नाही. पुढची एसटीही चुकली.

"ह्ये थांबलं की समदं थांबलं," तुम्ही म्हणालात. "बाकीचं नुसतं सामान."

पुढे मला भूमी अभिलेखमध्ये नोकरी लागली. अठ्ठावीस वर्षं मी बांध, खुणेचे दगड आणि एकमेकांच्या अंगावर धावून जाणारे सख्खे भाऊ बघितले. मी टेप धरून मध्ये उभा, आणि दोन्हीकडून शिव्या. पन्नाशी आली तेव्हा वाटलं, एक तरी काम असं असावं की जिथे कुणी ओरडत नाही. तेव्हा ते चाक आठवलं. माझा हा छंद तुमच्या स्टुलावरून सुरू झाला, दाजी. हे मी तुम्हाला कधी बोललो नाही. मेहुण्याला मोबाइलवर व्हिडिओ बघून खूळ लागलंय, असंच तुम्ही समजून गेलात.

मग पेठेतली ती इमारत पाडायची ठरली. जिना गेला, जिन्याखालचं दुकानही गेलं. सामान हलवायच्या दिवशी तुम्ही मला फोन केलात. "पावणं, तुमी घड्याळाचं काम घरी सुरू करताय म्हनं. मंग माजं टेबल घेऊन जा. टेंपो हितंच हुबा हाय, घोडेगावला पाठवतो."

मी म्हणालो, "दाजी, माझ्या खोलीत बसायचं नाही ते. जागा लहान आहे."

खोटं बोललो. खोली मोजलेली होती. ते टेबल उभं-आडवं कसंही बसलं असतं. पण मला ते नको होतं. तेलानं काळं पडलेलं, कडा झिजलेल्या, आणि उंचीनं वेडंवाकडं वाटणारं. मला व्हिडिओत दिसतं तसं हवं होतं. पांढरं, स्वच्छ, खणांवर नावं लिहिलेलं. तुम्ही "बरं" म्हणालात आणि टेबल निमगाव सावाला घरी नेलंत. पडवीत खिडकीशी लावलंत. गावातली, आजूबाजूची माणसं तिथेच घड्याळं घेऊन यायला लागली. हे मला आक्काकडून उडत उडत कळायचं. मी फारसं लक्ष दिलं नाही. पडवीत टाइमपास चालला असेल, असं माझ्या डोक्यात.

माझ्या टेबलाचा मी सुताराला रीतसर नकाशा काढून दिला. लांबी चार फूट, रुंदी दोन फूट, उंची तीस इंच. सनमायका पांढरा, आरशासारखा. उजव्या हाताला सात खण. वर गोल दिवा, मधे रबरी चटई, घरपोच आलेला अठरा नगांचा स्क्रू ड्रायव्हर संच, चिमटे, भिंगं, पार्ट झाकायला काचेचे वाडगे. सगळं मांडून झाल्यावर सुनीता दारात उभी राहून म्हणाली, "देवघर नाही हो कधी एवढं नटवलं."

आणि मग त्या टेबलावर काहीच होईना.

हे तुमच्यापासून लपवलं होतं. आता सांगतो. पहिल्या महिन्यात मी चार घड्याळं उघडली आणि एकही पुन्हा जोडून बंद करता आलं नाही. वाकून वाकून मान धरायची. स्क्रू चिमट्यातून सुटायचा, त्या गुळगुळीत सनमायक्यावर दोन टप्पे घ्यायचा आणि दिसेनासा व्हायचा. मग मी गुडघ्यांवर. आधी टॉर्च, मग लोहचुंबक, मग झाडू, आणि शेवटी झाडलेला केर सुनीताच्या पिठाच्या चाळणीतून चाळायचा. एकदा तिनं मला त्या चाळणीसकट पकडलं. त्यानंतर माझी चाळणी वेगळी झाली. आणि हात हलायचा. माझा हात, दाजी. भिंगाखाली चिमट्याचं टोक पानासारखं थरथरायचं. मला वाटलं चहामुळे. चहा सोडला. तरी हलायचा. मग वाटलं सवय नाही म्हणून. माझ्या हाताला मी दहा कारणं शोधून दिली. हे लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.

तुम्ही पहिल्यांदा ते टेबल बघायला आलात तो दिवस तुम्हाला आठवत असेल.

"काय पावणं, उद्घाटन कुनाच्या हातून?"

"बघा ना दाजी. कसं झालंय?"

तुम्ही खुर्चीवर बसला नाहीत. उभ्यानंच सनमायक्यावरून हात फिरवलात, टिचकी मारलीत. "ह्याच्याव इस्क्रू पडला ना, तर थेट लेण्याद्रीच्या पायऱ्यांव सापडंल. चढून आना मंग." सुनीता हसली. मला लागलं, कारण खरं होतं. मग तुम्ही खाली वाकून टेबलाचे पाय बघितलेत.

"बुटकं झालंय."

"तीस इंच आहे. स्टँडर्ड असतं."

"स्टँडर जेवायला. घड्याळाला न्हाई."

"मग किती पाहिजे?"

"बसल्याव छातीला लागलं पायजे."

"छातीला म्हणजे किती? इंचात सांगा."

"आता कुनाची छाती कुटं, मी काय सांगू? राव, दुनियेची मोजणी करता, सवताची करायची ऱ्हायली व्हय?"

"पण का? छातीला का?"

"का म्हंजी? आसतं तसं."

यावरच माझा राग आहे. आसतं तसं. मी अठ्ठावीस वर्षं कागद मागणारा माणूस. पुराव्याशिवाय बांध एक फूट सरकवत नाही. तुम्ही मला पुरावा म्हणून "आसतं तसं" दिलंत. तुमच्या उस्तादांनीही तुम्हाला एवढंच सांगितलं असणार. त्यांनी टेबल दाखवलं, तुम्ही बसलात, चाळीस वर्षं बसलात, आणि का ते विचारायची पाळीच आली नाही. पण मला तर आली होती ना? मी हट्टानं म्हणालो, "आता जग बदललंय दाजी. व्हिडिओत सगळे असंच वापरतात." ते तरी खरं होतं का? परवा पुन्हा ते व्हिडिओ बघितले. कितीतरी जणांची टेबलं छातीला लागलेली आहेत. मी तेव्हा हत्यारं बघत होतो, टेबल नाही.

आता त्या रविवारचं.

तुम्ही आणि आक्का जेवायला आला होतात. सुनीतानं मासवडी केली होती. माझ्या ऑफिसातले दोघे आले होते. त्यांना टेबल दाखवायचं होतं, म्हणजे खरं तर मला मिरवायचं होतं. मी एक घड्याळ उघडून बसलो आणि ते मधलं चाक काढताना अडलो. तुम्ही मागे उभे होतात. दोन मिनिटं बघितलंत आणि म्हणालात, "सरका पावणं. बसू द्या. दावतो."

तुम्ही बसलात. भिंग लावलंत. चिमटा घेतलात. आणि मी बघितलं, तुमचे कोपर टेबलाच्या खाली लोंबत होते. मनगटाला आधार नव्हता. तुम्ही एकदा कोपर वर घेऊन बघितलंत, मग पाठीत पार वाकलात, मग पुन्हा सरळ झालात. जागा सापडत नव्हती. हे सगळं मला आत्ता दिसतंय. तेव्हा फक्त हात दिसला. हलणारा. चिमट्याचं टोक चाकाच्या अवतीभवती टकटक वाजत होतं. स्क्रू सुटला, टेबलावर उडाला आणि गेला. ऑफिसातला एक जण हसला. वाईट हेतूनं नाही, पण हसला.

मी तुमचं मनगट धरलं आणि हातातला चिमटा काढून घेतला.

"राहू द्या दाजी. मी करतो."

तुम्ही भिंग काढलंत. टेबलाच्या कडेवर बोट ठेवून म्हणालात, "बुटकं हाय वो ह्ये."

आणि मी म्हणालो, "टेबलाला काय झालंय दाजी, हात हलतोय तुमचा. वय झालं आता."

चारचौघांत म्हणालो. आक्का दारात होती. तुम्ही उठलात. रुमालानं हात पुसलेत, जसे काही ते मळले होते. जेवायला बसलात, मासवडीचं कौतुक केलंत, रस्सा मागून घेतलात. मला वाटलं, लागलेलं दिसत नाही. सुटलो.

तुम्ही निमगावला पोचला असाल अशा वेळी, संध्याकाळी, मी आक्काला फोन केला. हे तुम्हाला माहीत होतं की नाही, मला माहीत नाही. मी म्हणालो, "दाजींना आता लोकांची घड्याळं घेऊ देऊ नकोस. हात गेलाय त्यांचा. कुणाचं जुनं, आठवणीचं घड्याळ मोडलं तर चाळीस वर्षांचं नाव जाईल." काळजीनं म्हणालो. काळजी खोटी नव्हती, दाजी. पण ज्या माणसाला महिनाभरात एक घड्याळ बंद करता आलं नव्हतं, त्यानं हा निकाल दिला. माझा हात हलला तर चहा. तुमचा हलला तर वय.

पुढच्या आठवड्यात आक्कानं चार माणसं बोलावून टेबल पडवीतून कांदे साठवायच्या चाळीत नेऊन ठेवलं. तुम्ही त्या वेळी घरातच होतात म्हणे. एक शब्द बोलला नाहीत. का नाही बोललात? तुमचंच टेबल होतं. आडवे पडायला हवे होतात. "हात लावून बगा कुनी," म्हणायला हवं होतं. तुम्हाला खरंच पटलं का माझं? की रुसलात? मला हे कळायला हवं आणि आता ते कुणी सांगणार नाही.

नंतर आपण दोनदा फोनवर बोललो. एकदा कांद्याच्या रोपांवर, एकदा माझ्या मुलीच्या परीक्षेवर. दोन्ही वेळा शेवटी तुम्ही विचारलंत, "आन टेबल काय म्हनतंय?" दोन्ही वेळा मी म्हणालो, "मस्त." तेव्हा टेबलावर इस्त्रीचे कपडे ठेवलेले असायचे. तुम्ही "बरं" म्हणायचात आणि फोन आक्काकडे द्यायचात. येतो एकदा निमगावला, असं मी दोन्ही वेळा म्हणालो. त्या रविवारनंतर साडेचार महिन्यांनी आलो. तेव्हा अंगणात माणसं बसली होती आणि कुणी मोठ्यानं बोलत नव्हतं.

दहाव्याला नदीवर एक म्हातारे बाबा आले होते. धोतर, डोक्याला मळकट टोपी, अंगात स्वेटर. कुणाच्या ओळखीचे नव्हते. विधी आटपल्यावर झाडाखाली माझ्या शेजारी येऊन बसले. आहुप्याचे होते, पहाटे निघून दोन गाड्या बदलून आले होते. मनगट पुढे करून त्यांनी मला घड्याळ दाखवलं. जुनं, चावीचं.

"बगा, चालतंय. दसऱ्याच्या आदी बंद पडलं व्हतं. जुन्नरला गेलो तं दुकान न्हाई. दुकान सोडा, जिनाच न्हाई राव! मंग इचारत इचारत हितं निमगावला आलो. मिस्तरींनी पडवीत बशीवलं, चा पाजला आन माज्यासमोर करून दिलं."

मी हिशेब केला. दसऱ्याच्या आधी. म्हणजे माझ्या त्या रविवारच्या जेमतेम महिनाभर आधी.

"हात हलत नव्हता त्यांचा?" मी विचारलं.

"हालत व्हता की! चाची बशी वाजत व्हती हातात. मी तं लई भ्यालो. घड्याळ सासऱ्यानं दिल्यालं, म्हनलं आता गेलं. पन टेबलाव हात टेकला ना, कोपरापस्तोर, का गप. दगडावानी. मी त्यांच्या हाताकडंच बगत बसलो व्हतो, काम व्हईस्तोर. जरा म्हून हालला न्हाई."

बाबा पुढे सांगत गेले.

"मंग दोन म्हयन्यांनी भावाचं घेऊन आलो. तं न्हाई म्हनले. 'बंद केलं बाबा, हात ऱ्हायला न्हाई.' म्हनलं, आवो परवाच तर करून दिलं! तं म्हनले, 'आमच्या पावण्यांनी बगितलं. शिकल्यालं मानूस हाय, मोजणीत हाय. बगितल्याबिगर बोलायचे न्हाईत.'" बाबांनी टोपी काढून डोकं खाजवलं. "कोन पावणा व्हता कुनास ठाऊक. चांगला चालता मानूस घरी बशीवला. तुमी कोन त्यांचे?"

"नात्यातला," मी म्हणालो.

एवढंच म्हणालो. नदीवर, तुमच्या दहाव्याला, तुमचं घड्याळ घातलेल्या माणसासमोर मला "तो पावणा मीच" म्हणता आलं नाही.

तेराव्याच्या दुसऱ्या दिवशी पाहुणे गेल्यावर मी चाळीत गेलो. तुमचं टेबल कोपऱ्यात होतं. त्याच्यावर फवारणीचा पंप, सुतळीचे गुंडे, बियाण्याचे डबे. सगळं खाली उतरवलं. कांद्याचं बी सांडलेलं होतं, तीळ असावेत तसं काळं, बारीक. दोन क्रेट एकावर एक उपडे टाकून बसलो. फळी छातीला लागली. पुढच्या कडेला दोन खोलगट जागा होत्या, झिजून गुळगुळीत झालेल्या. आधी कळेना कशाच्या. मग हात ठेवले आणि कळलं. मनगटापासून कोपरापर्यंत दोन्ही हात लाकडावर टेकले, खांदे सैल पडले, आणि डोळ्यांसमोर एक वीत अंतरावर फळी आली. मान वाकवावी लागली नाही.

खणात तुमचा एक चिमटा होता. त्यानं मी कांद्याचं बी उचललं. एक दाणा. मग दुसरा. एकापुढे एक ठेवत गेलो. पंधरा-वीस दाण्यांची सरळ ओळ झाली आणि माझा हात एकदाही हलला नाही. माझा, दाजी. चहा पुन्हा सुरू केलेल्या माणसाचा.

खिशात टेप असतोच. मोजलं. एकोणचाळीस इंच.

चिमूटभर बी कागदात बांधून घरी नेलं आणि माझ्या टेबलावर तेच करून बघितलं. पहिले तीन दाणे उडाले. चौथा उचलताच आला नाही. अशी मोजणी मी तुमच्या जिवंतपणी करायला हवी होती. एका दुपारचं काम होतं. तुम्ही छातीला म्हणालात तेव्हा एक खुर्ची आणि चार विटा घेऊन करून बघितलं असतं तरी पुरलं असतं. मी वाद घातला. वाद घालणाऱ्या दोन पार्ट्यांच्या मध्ये उभं राहून मी आयुष्यभर म्हणत आलो, आधी मोजू द्या, मग बोला. स्वतःच्या घरात आधी बोललो.

काल पुन्हा निमगावला गेलो, आक्काला सांगायला. दोन दिवस ठरत नव्हतं. सांगावं तर तिच्या डोक्यावर ओझं, कारण टेबल तिनं हलवलं. न सांगावं तर तिला आयुष्यभर वाटत राहणार, की नवऱ्याचा हात गेला होता. ती चाळीत खाली बसून सडके कांदे बाजूला काढत होती. मी शेजारी बसून सगळं सांगितलं. आहुप्याच्या बाबांचं, बियांचं, इंचांचं. ती कांदे निवडत राहिली. मला वाटलं, ऐकत नाही.

मग म्हणाली, "तुजा फोन आला तवा मी काय म्हनले, आटवतंय?"

"नाही."

"मी म्हनले, आरं पन घरी तर नीट करत्यात. काल बी एक करून दिलं."

मला खरंच आठवत नव्हतं.

"आन तू काय म्हनला?"

मी समोरचा एक कांदा उचलून सालं काढायला लागलो.

"तू म्हनला, आक्का, तुला त्यातलं काय कळतं."

तिनं एक कांदा दाबून बघितला आणि टाकून दिला. तिच्या आवाजात राग नव्हता, तो असता तर मला सोपं गेलं असतं. "मंग मला बी वाटलं, आसंल. धाकटा आसला तरी शिकल्याला हाय. बत्तीस वरसं मी तो हात बगत व्हते, आन इस्वास तुज्या फोनवर ठिवला. माजं बी चुकलं. पन मला सांगून काय उपेग? मी तं तवाच सांगितलं व्हतं. ज्याला सांगायचं त्याला सांग जा."

टेबल न्यायचं का, म्हणून मी विचारलं. नाही म्हणाली. चौघांना बोलावून आम्ही ते पुन्हा पडवीत खिडकीशी लावलं. तिनं ओल्या फडक्यानं पुसलं आणि आत गेली. मी घोडेगावला परत आलो.

म्हणून सांगतो, दाजी. तुमचा हात चांगला होता. टेबल बुटकं होतं. तुम्ही ते पहिल्या दिवशी सांगितलंत, त्या रविवारी पुन्हा सांगितलंत, आणि दोन्ही वेळा मी तुम्हालाच खोटं पाडलं. आक्कानं सांगितलं, तिलाही गप्प केलं. शेवटचे साडेचार महिने तुम्ही त्या खिडकीशी बसून घड्याळं केली असतीत, तुमची माणसं लांबून लांबून आली असती. ते महिने मी घेतले. वयानं नाही घेतले.

माफी मागायची म्हणूनच लिहायला घेतलं होतं. पण तुम्ही काय म्हणाल ते मला माहीत आहे. आक्काशी भांडण झालं, गिऱ्हाईक चिडलं, भावकीनं वाट अडवली, तुम्ही प्रत्येक वेळी एकच म्हणायचात, जाऊ द्या. आम्ही सगळ्यांनी त्याचा फायदा घेतला. मीही घेतला. त्या रविवारी तुम्ही मासवडीचा रस्सा मागून घेतलात, तेव्हा घेतला.

मला ते शब्द नकोत. माझ्याशी भांडा. चारचौघांत भांडा, मी भांडलो तसे. या वेळी जाऊ देऊ नका.